कोड उघडा असला म्हणून कारभार उघडा होत नाही

ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, एक विधान वारंवार फिरत असतं: 'कोड सगळ्यांसमोर आहे, मग चर्चा कुठे झाली याची उठाठेव कशाला? मेंटेनरांनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) आपापसात ठरवलं की काम लवकर होतं, सुरक्षेसाठी गुप्तता लागतेच, आणि ज्याला पटत नाही त्याने फोर्क करावा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढावा.' प्रत्येक तुकड्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते सहज गळी उतरतं.

'कोड समोर आहे.' काय बदललं ते कोड सांगतो. का बदललं, कोणता पर्याय सोडून दिला, आक्षेप कोणाचा होता, हे त्यात नसतं. नवा माणूस मेहनतीने पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवतो आणि 'यावर आमचं बोलणं झालंय' एवढंच उत्तर मिळतं. कुठे झालं ते त्याला वाचता येत नाही, मग खोडून तरी काय काढणार? असा माणूस बहुधा परत येत नाही, आणि मला सर्वांत जास्त हेच लागतं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने 2015 च्या कारभारविषयक प्रस्तावात यावर नेमका नियम केला: जाहीर चर्चेत न आलेलं नवं कारण देऊन निर्णय घ्यायचा नाही. खाजगीत बोलायला बंदी नाही, पण ज्या कारणावर निर्णय उभा आहे ते आधी सगळ्यांसमोर यायला हवं.

'आपापसात ठरवलं की काम लवकर होतं.' याच रस्टमध्ये 2023 साली काय झालं ते पाहा. परिषदेच्या बीजभाषणासाठी बोलावलेल्या वक्त्याचं भाषण ऐनवेळी साध्या सत्रात हलवलं गेलं. विषय नेतृत्वाच्या खाजगी चॅटमध्ये हाताळला गेला होता, आणि तिथे निर्णय कसा घ्यायचा याची स्पष्ट पद्धतच नव्हती. वक्त्याने माघार घेतली, प्रकल्पाला जाहीर माफी मागावी लागली. वाचलेला वेळ कितीतरी पटीने खर्च झाला. उलट अपाची फाउंडेशन या अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत मतदान साधारणपणे किमान 72 तास खुलं ठेवतात, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्यालाही बोलता येतं. तीन दिवसांनी कोणताही प्रकल्प बुडत नाही.

'सुरक्षेसाठी गुप्तता लागते.' लागते, मान्य. दुरुस्ती तयार होण्याआधी त्रुटी जाहीर केली तर वापरणारे उघड्यावर पडतात. पण लिनक्स वितरणांच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेगवेगळ्या रूपांच्या) सुरक्षेसाठीच्या ईमेल-यादीवर ही गुप्तता जास्तीत जास्त 14 दिवस ठेवता येते. पुढे सगळं उघड करावंच लागतं. ज्या खाजगी चर्चेला अशी मुदत नाही, तिने सुरक्षेचं नाव घेऊ नये.

माणसांच्या बाबतीत मात्र मी गुप्ततेच्या बाजूने आहे. छळाची तक्रार किंवा कोणाचं आजारपण चव्हाट्यावर आणणं ही पारदर्शकता नव्हे. अपाचीतही व्यक्तींबद्दलची चर्चा बंद ईमेल-यादीवरच होते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पाने 2022 मध्ये सार्वत्रिक ठरावांवरचं मतदान गुप्त केलं. कोणी कसं मत दिलं ते झाकलं, ठरावांवरचा वाद जाहीरच राहिला.

'पटत नसेल तर फोर्क करा.' 2010 मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस वेगळं झालं, तेव्हा कोड सोबत आला, पण ओळखीचं नाव ओरॅकल कंपनीकडेच राहिलं. फोर्क करणाऱ्याला नाव, सर्व्हर, वापरकर्त्यांचा विश्वास, सगळं नव्याने उभं करावं लागतं. शिवाय जुने निर्णय खाजगी चॅटमध्ये झाले असतील, तर कोडमधल्या एखाद्या विचित्र ओळीमागचं कारण त्याने विचारायचं कोणाला?