पासवर्ड बदलला म्हणजे चोर बाहेर गेला?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो: ‘कोणी घुसल्याची शंका आली की रूटचा (लिनक्सवरच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड बदला, घुसलेला बाहेर पडतो. एरवीही दर ३० दिवसांनी बदला. दोन मिनिटांचं काम आहे.’ यातलं पहिलं वाक्य तर घातक आहे.

घुसलेला बाहेर पडत नाही. लिनक्सवर एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीचं, उघडं सेशन पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहतं. त्याने स्वतःची की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) ‘ऑथोराइझ्ड कीज’च्या, म्हणजे मान्य किल्ल्यांच्या, फाइलमध्ये टाकून ठेवली असेल, तर त्याला पासवर्ड लागतच नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या यादीत) एखादी ओळ, सुडोचे म्हणजे रूटसारखी कमांड चालवायचे अधिकार असलेला एखादा साध्या नावाचा युजर, यातलं काहीही तुमच्या नव्या पासवर्डने हलत नाही. त्यामुळे आधी चालू सेशन तोडा, प्रत्येक युजरच्या कीज पाहा, क्रॉन पाहा, यूआयडी (खात्याचा क्रमांक) शून्य असलेलं, म्हणजे रूटइतकेच अधिकार असलेलं, दुसरं खातं आहे का ते पाहा. आणि तो रूटपर्यंत पोचलाच असेल, तर ही तपासणीही पुरत नाही, कारण ज्या कमांडने तुम्ही बघताय तीच त्याने बदललेली असू शकते. मग सर्व्हर नव्याने उभा करायचा, घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून. फार जड काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दर ३० दिवसांचा नियम अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच नाकारला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा, नुसत्या तारखेवरून नको. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदतीची अट काढली. सक्ती झाली की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो. अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला, तर मात्र त्याच दिवशी बदला.

आणि दोन मिनिटं? कमांडला लागतात तेवढी. विंडोजवर रूटसारखंच असलेलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं वापरून सर्व्हिसेस (मागे चालू राहणारे प्रोग्रॅम) आणि शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी चालणारी कामं) लावलेले असतील, तर त्यांच्याकडे जुनाच पासवर्ड राहतो आणि रात्रीचा बॅकअप गुपचूप थांबतो. दुरून सर्व्हरचा पडदा दाखवणाऱ्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्ड बदलायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, तर ते तुमच्या समोरच्या मशीनलाच लागतं. तिथे कंट्रोल-ऑल्ट-एंड लागतं. लिनक्सवर जुनं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्या पासवर्डने आत जाऊन बघा. तिथे लॉगिन झालं, की मगच पहिली खिडकी बंद करा.