प्लॅटिनमला चरा पडत नाही? साखरपुड्याच्या अंगठीचा फिरता सल्ला

लग्नसराई जवळ आली की हा मेसेज हमखास फिरतो: "हिऱ्याची अंगठी घेताना फसू नका. प्लॅटिनमला कधी चरा पडत नाही, परवडत असेल तर तेच घ्या. सोनं घ्यायचं तर २२ कॅरेटच, १८ कॅरेट म्हणजे भेसळ. हिरा जगात सर्वांत कठीण, म्हणून सेटिंग कुठलंही चालतं."

प्लॅटिनमला चरे पडतात, आणि चांगले ठळक पडतात. फरक एवढाच की घासलं की सोन्याचा थोडा अंश झिजून जातो, प्लॅटिनम बरंचसं जागच्या जागी सरकतं. वजन फारसं घटत नाही, पण चकाकी जाऊन करडी, मंद छटा येते. काहींना तीच आवडते. प्लॅटिनम घ्यायचं खरं कारण मेसेजमध्ये नाहीच: त्याचा पांढरेपणा अंगचा असतो. व्हाइट गोल्ड म्हणजे इतर धातू मिसळून फिकट केलेलं सोनं, त्यावर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो. तो उडाला की खालची पिवळसर झाक दिसते आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. मात्र प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे अंगठी सैल-घट्ट करून द्यायला गल्लीतला प्रत्येक सोनार तयार होईलच असं नाही.

१८ कॅरेटला भेसळ म्हणणं तर निव्वळ अडाणीपणा. त्यात ७५ टक्के सोनं असतं, हॉलमार्कवर '७५०' लिहिलेलं असतं आणि भावही तेवढ्याच सोन्याचा लावायचा असतो. उरलेले तांबं, चांदी वगैरे धातू कडकपणासाठी असतात. २२ कॅरेट मऊ. बांगडीला ठीक, पण हिरा धरणारे बारीक प्राँग, म्हणजे धातूचे आकडे, त्यात लवकर वाकतात. फसवणूक शोधायचीच असेल तर बिलात शोधा. हिऱ्याचं वजन सोन्यातून वजा केलंय का? हिऱ्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता नव्हे, वजन: एक कॅरेट हिरा म्हणजे ०.२ ग्रॅम. तो सोन्याच्या भावातही मोजला असेल, तर पैसे दोनदा गेले.

आता हिरा. कठीण म्हणजे चरा न पडणारा. न फुटणारा नव्हे. ठरावीक दिशांनी तो दुभंगतो, आणि पूर्वी कारागीर मोठे हिरे याच गुणामुळे फोडत असत. चौकोनी प्रिन्सेस कटचे टोकदार कोपरे सर्वांत नाजूक, त्यांना व्ही आकाराचे प्राँग हवेत. चार प्राँगांतला एक वाकला की हिरा डळमळतो. सहा असतील तर तग धरतो. रोज कणीक मळणारी, दिवसभर ग्लोव्ह्ज चढवणारी-काढणारी किंवा जिममध्ये वजनं उचलणारी व्यक्ती असेल, तर मी सरळ बेझल सुचवेन: हिऱ्याभोवती धातूची अखंड कड. चमक थोडी कमी वाटेल, पण कणीक अडकायला फटी नाहीत आणि स्वेटरचे धागेही ओढले जात नाहीत.

प्राँगची अंगठी आधीच घरात असेल, तर सुती धागा हळूच त्यावरून फिरवा. अडकला तर प्राँग उचललेला आहे. मग कानाशी धरून हलवा. टिकटिक ऐकू आली तर हिराही सैल झालाय, आजच सोनाराकडे न्या.