पॅराडाइज टॅनेजर ‘गाणारा पक्षी’ का?

महोदय,

दक्षिण अमेरिकेतील पॅराडाइज टॅनेजर या छोट्या रंगीबेरंगी पक्ष्यावरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. शास्त्रीय नावातच ‘चिलेन्सिस’ म्हणजे ‘चिलीचा’ असलेला पक्षी चिलीत आढळत नाही हे माझे विधान आपल्याला चुकीचे वाटते आणि नुसती बारीक चिरचिर करणाऱ्या पक्ष्याला ‘गाणारा’ म्हणणे आपल्याला दिशाभूल वाटते.

नावाबाबत माझे विधान कायम आहे. हा पक्षी अँडीजच्या पूर्वेकडील अमेझॉन खोऱ्यातल्या अरण्यांत राहतो, तर चिली त्या पर्वतरांगेच्या पश्चिमेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्स यांनी १८३२ मध्ये दिलेले हे नाव भूगोलाच्या दृष्टीने चुकीचे आहे. परंतु केवळ अर्थ जुळत नाही म्हणून आधीचे वैध नाव रद्द करण्याची मुभा प्राणिनामकरणाचे नियम देत नाहीत.

दुसऱ्या आक्षेपातील अर्धा भाग मला मान्य आहे. मी ‘मधुर गळ्याचा’ असे लिहिले होते. ती माझी चूक होती आणि ते शब्द मी काढून टाकले आहेत. मात्र पक्षिशास्त्रात ‘गाणारे पक्षी’ हे गोडव्याचे प्रशस्तिपत्र नसून ऑसाइन या गटाचे नाव आहे. श्वासनलिकेच्या तळाशी असलेले, अनेक स्नायूंनी नियंत्रित होणारे स्वरयंत्र आणि ऐकून आवाज शिकण्याची क्षमता ही या गटाची ओळख असून, जगातील जवळपास निम्म्या पक्षिजाती त्यात मोडतात. आपला कावळाही त्यातलाच आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत विणीसाठी येणारा नवरंग दोन सुरांची अशी खणखणीत शीळ घालतो की ती रानात दूरवर ऐकू जावी. तरीही तो ऑसाइन नव्हे, कारण त्याचा सबऑसाइन हा गट वेगळा असून त्यातील बहुतेक जातींचा आवाज उपजत असतो. दक्षिण अमेरिका तर या सबऑसाइन पक्ष्यांचे माहेरघरच आहे. म्हणजे तिकडे स्पॅनिशमध्ये ‘सात रंगांचा’ म्हणून ओळखला जाणारा, हिरवे डोके, जांभळा गळा, आकाशी छाती आणि पाठीचा लालभडक खालचा भाग मिरवणारा, उंच शेंड्यांवर मिश्र थव्यांतून फळे व कीटक टिपत हिंडणारा हा टॅनेजर क्षीण आवाजाचा असूनही गाणाऱ्यांत गणला जातो, आणि आपला नवरंग गणला जात नाही.

म्हणून लेखातील ‘गाणारा पक्षी’ हे शब्द मी तसेच ठेवले असून त्यांच्यापुढे वर्गीकरणाचा खुलासा करणारी एक ओळ जोडली आहे.