गरज पडल्यास रविवारी

सोमवारी पहाटे साडेपाचला, उणे १४ अंशांत, मी एका पातेल्याच्या मागे रांगेत उभा होतो. पातेलं घडीच्या खुर्चीत ऐसपैस बसलं होतं. अंगाभोवती जाड टॉवेल, डोक्यावर फॉइलची टोपी. माझ्यापेक्षा त्याचा जामानिमा बरा होता.

झालं असं, की आमच्या गावातल्या कॉलेजचा आइस हॉकीचा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, पोचला आणि पहिली फेरी घरच्या बर्फावर मिळाली. अमेरिकेतल्या या मिनेसोटा राज्यात वरच्या दर्जाचे सहा कॉलेज संघ आहेत. त्यातला आमचा कुठला ते सांगत नाही, कारण मला पुन्हा त्याच खिडकीवर जायचंय. सामने घरी होणार की दुसऱ्याच्या गावी, हे कधीकधी साखळीच्या शेवटच्या शनिवारी रात्री ठरतं, त्यामुळे तिकिटांची सगळी घाई चार दिवसांत. आधी हंगामाची तिकिटंवाले आपापल्या जागा उचलतात, मग विद्यार्थी, आणि उरलेला गाळ सोमवारी सकाळी दहाला आमच्यासारख्यांसाठी. ऑफिसात मी "डोकं दुखतंय" असं कळवलं होतं. दहापर्यंत ते खरं झालं.

तर पातेलं. रांगेत एकूण नऊ खुर्च्या होत्या आणि माणूस एक. पहिल्या खुर्चीत पंचाहत्तरीचे एक आजोबा, गुडघ्यांवर लोकरी ब्लँकेट, हातात थर्मास. बाकी आठ खुर्च्यांच्या पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि वेळ. चौथ्या खुर्चीवर हातमोज्यांची जोडी, सहाव्यावर वर्तमानपत्र, सातव्यावर पातेलं.

"हे सगळे कुठे आहेत?" मी विचारलं.

"येतायत," आजोबा म्हणाले. ही तीच 'येतायत', जी मंगल कार्यालयात वरपक्षाबद्दल सांगतात.

मी स्वारगेटला खिडकीतून रुमाल टाकून कोल्हापूर गाठलेला माणूस आहे. जागा धरण्याचं शास्त्र मला कुणी शिकवायचं कारण नाही. पण रुमालालाही एक मर्यादा असते. एका माणसाने एक रुमाल टाकावा, फार तर एक पिशवी, आणि पिशवीवरून भांडण झालं तर उचलावी. आठ जणांसाठी आठ रुमाल टाकणाऱ्याला आमच्या एसटीत कंडक्टरसकट सगळ्यांनी मिळून खाली उतरवला असता. इथे मात्र मी दहा-बारा वर्षं "अमेरिकेत लोक रांगेत कसे शिस्तीत उभे राहतात" हे पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर ऐकवत आलोय. उभे राहतातच. खुर्च्या उभ्या राहतात.

मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, की प्रत्यक्ष हजर असणाऱ्यांत माझा दुसरा नंबर लागतो. आजोबांनी थर्मासचं झाकण हळूहळू फिरवलं. "वेल," ते म्हणाले, "दॅट्स डिफरंट."

मिनेसोटात राहिल्याशिवाय या दोन शब्दांची धार कळत नाही. पुण्यात "असं म्हणता?" या प्रश्नाला जो अर्थ असतो, तोच. विषय संपला.

मग त्यांनी मला पातेल्यातलं हॉटडिश देऊ केलं. खाली खिमा, मध्ये मश्रूमचं सूप, वर बटाट्याच्या छोट्या वड्यांचं कौल. मी म्हटलं, नको, आज सोमवार.

"सोमवारी काय?"

"सोमवारी मी जेवत नाही. उपास."

"देवासाठी?"

देवासाठी म्हणायला माझी जीभ रेटेना. हा सोमवार मला आईने दहावीच्या परीक्षेच्या वेळी लावला आणि सोडायचा राहून गेला. आता आई खडकीहून फोनवर विचारते, म्हणून चालू आहे. हे सगळं इंग्रजीत कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तोवर आजोबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अच्छा! प्लेऑफच्या दाढीसारखं!"

प्लेऑफ सुरू झाल्या की हॉकीपटू दाढी करत नाहीत. हरलं किंवा करंडक मिळाला की मगच वस्तरा. आजोबांनी माझा सोमवार सरळ त्या दाढीत जमा केला. ब्लँकेट सावरत ते उठले, माझा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि म्हणाले, "तूच खरा फॅन." नंबर मात्र दहावाच ठेवला.

पुढचे चार तास ते बोलत होते. १९७४ पासून त्यांच्याकडे हंगामाची तिकिटं होती, आठव्या रांगेत, गोलच्या मागे. मग एका वर्षी पत्र आलं, की जागा राखायची असेल तर तिकिटाच्या किमतीवर दरसाल देणगी द्यावी. देणगी ऐच्छिक आहे, पण न दिल्यास जागा जाईल. हे ऐकताना परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच मला इतकं घरच्यासारखं वाटलं. पुण्यात पुतण्याच्या शाळाप्रवेशाच्या वेळी हेच वाक्य मी मराठीत ऐकलंय. आजोबांनी देणगी दिली नाही, खुर्च्या विकत घेतल्या. इथे मला त्यांचा राग येईनासा झाला, आणि त्याचाच मला राग आला.

"तुमच्याकडे हॉकी असते का?" त्यांनी विचारलं.

आता माझी पाळी होती. मी खडकीचा. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, चार ऑलिंपिक खेळलेला. मी अर्धा तास बोलायच्या तयारीने छाती फुगवली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां, फील्ड हॉकी. माझी नात खेळते." इथे कॉलेजात ती फक्त मुलींच्या वाट्याला आहे. नातीबद्दल आदर आहेच, पण धनराजच्या गोष्टीवर असा बोळा फिरवलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पण बर्फ कुठून आणता?"

"बर्फ उसाच्या रसात घालतो."

मग ते १९८० कडे वळले. लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघातले २० पैकी १२ खेळाडू मिनेसोटाचे, आणि प्रशिक्षक हर्ब ब्रुक्ससुद्धा इथलाच. आजोबा हे अशा सुरात सांगतात, की उरलेले आठ जण चुकून बसमध्ये चढले असावेत.

बायकोचं म्हणणं, टीव्हीवर बघ. मुळात चेंडूच्या जागी असते ती चकती टीव्हीवर दिसत नाही. तीन इंच व्यासाचं, एक इंच जाडीचं काळं रबर, उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेलं. पण चकती मैदानात बसूनही मला फारशी दिसत नाही. मी जातो तो चाळणीसाठी. आपण गोल केला, की बँड वाजतो आणि विद्यार्थ्यांचा अख्खा कोपरा समोरच्या गोलरक्षकाकडे बोटं रोखून ओरडतो, "सीव्ह! सीव्ह!" म्हणजे चाळणी. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आपल्याकडे गोठ्यापासून खानदानापर्यंत शिव्या गेल्या, पण स्वयंपाकघरातलं हे रत्न कुणाला दिसलं नाही. मी मराठीत ओरडतो. शेजारच्यांना वाटतं, मंत्र आहे. मध्यंतरात झांबोनी नावाचं यंत्र बर्फ सारवत फिरतं, आणि हजारो माणसं अंगण सारवणाऱ्या त्या यंत्राकडे टक लावून बसतात. ते कॅलिफोर्नियात जन्माला आलं. म्हणजे सारवायचं वेड असायला अंगण लागतंच असं नाही.

पावणेदहाला पार्किंगमधल्या गाड्यांची दारं उघडली आणि आठ माणसं उतरली. गुलाबी, जेवलेली, ऊब खाल्लेली. प्रत्येकाने आपापल्या खुर्चीवरची पट्टी सोलून काढली. पातेल्याच्या मालकीणबाई पातेलं कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, "हा आपल्या टीमसाठी जेवत नाहीये." आठ जणांनी माझे आभार मानले. पुढे कुणी सोडलं नाही.

खिडकीवर माणशी चार तिकिटं. नऊ चोक छत्तीस. दरम्यान मी फोनवरूनही प्रयत्न करत होतो. दोन हातमोज्यांतून एक बोट बाहेर काढून पाहिलं, तर तिथल्या रांगेत माझ्यापुढे २,११४ जण. तेवढ्यात थंडीने फोनने मान टाकली.

माझा नंबर आला तेव्हा काचेमागची मुलगी म्हणाली, "शुक्रवार संपला. शनिवार संपला. रविवार आहे, गरज पडल्यास."

तीन सामन्यांपैकी जो दोन जिंकेल तो पुढे. पहिले दोन एकानेच जिंकले, तर तिसरा होतच नाही. मी दोन तिकिटं घेतली. प्रत्येकी २४ डॉलर, वर प्रत्येकी साडेचार डॉलर सुविधा शुल्क. मी विचारलं, खिडकीवर साडेचार तास उभं राहण्यात सुविधा कुठली? तिने मागे बघून कुणाला तरी विचारलं. मागे कुणी नव्हतं.

गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी काय विकत घेतलंय. मला सामना बघायचा असेल तर माझ्या संघाला एकदा हरावं लागणार होतं. सहा वर्षांचा निष्ठावंत मी, शुक्रवारी सोफ्यावर बसून मनातल्या मनात हिशोब करत होतो, की आज हरले तर उद्या जिंकतील, काही बिघडत नाही. ते ४-१ ने जिंकले. चौथ्या गोलला मी टाळी वाजवली नाही. बायको माझ्याकडे बघत होती.

शनिवारी बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला. तिथे जो आधी गोल करेल तो जिंकला. दर हल्ल्याला मी उठत होतो आणि कुठल्या बाजूने उठलोय हे मलाच कळत नव्हतं. गोल आमचाच झाला. मी उडी मारली, "चाळणी!" म्हणून ओरडलो, आणि हवेत असतानाच मला आठवलं. खाली आलो तो नुसता बसलो.

कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. आजोबा दिसले, रांगेतली बाकी मंडळी दिसली, सगळी नाचत होती. त्यांच्यामध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांवर कोट ठेवले होते. छत्तीसपैकी दोन तिकिटांवर कोट सामना बघत होते, चांगल्या जागेवरून, गोलच्या मागे. मी तो भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. कोटच होते.

रविवारी मेल आली. गरज न पडल्यामुळे ४८ डॉलर परत करण्यात येत आहेत, शुल्क परत मिळत नाही. म्हणजे न झालेल्या सामन्याला न गेल्याबद्दल, न मिळालेल्या सुविधेचे नऊ डॉलर. पैशांचं काही नाही, असं मी बायकोला चार वेळा सांगितलं.

पुढची फेरी एकाच सामन्याची, घरचीच. सोमवारी मी पहाटे पाचलाच गेलो. आजोबा हजर. शेजारी खुर्च्या दहा. दहाव्या खुर्चीच्या पट्टीवर, माझं नाव त्या दिवशी त्यांच्या तोंडात बसलं नव्हतं म्हणून, 'मंडे' असं लिहिलं होतं, खाली वेळ ४:४०.

"आज काही खाल्लं नाहीस ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

निघताना मी वाडगाभर साबुदाण्याची खिचडी खाऊन आलो होतो. उपासाला ती चालते, पण हे त्यांना समजावत बसलो नाही. नाही म्हटलं आणि पातेल्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलो.