मुखत्यारपत्र ऐन वेळी संपतं

'मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करा, म्हातारपणची काळजी मिटली' हा एका लेखात वाचलेला सल्ला अपुरा आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, करून देणाऱ्याला मानसिक अक्षमता आली की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे स्मृतिभ्रंशात नेमकं गरजेच्या वेळी ते कागद बाद! मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. निदान बँक खातं तरी वेळीच 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही एकटं चालवू शकेल असं संयुक्त खातं) करून ठेवा.

घर मुलांना बक्षीसपत्राने देताना सांभाळाची अट दस्तातच लिहा. तोंडी आश्वासनावर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ (सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची तरतूद) लावून घेणं अवघड जातं.

आणि घटस्फोट झाला म्हणून जुनं नॉमिनेशन आपोआप जात नाही. विमा, डीमॅट, ठेवी, सगळीकडे स्वतः फॉर्म भरावा लागतो. मृत्युपत्रही नवं करा. दोन साक्षीदार हवेतच.