बालवर्गातील सहभाग आणि बोर्डीचा अनुभव
भिंती रंगवून आणि खेळणी वाढवून बालवर्गात आपलेपणा निर्माण होतो, हे बालवर्गांवरील एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते; आपलेपणा येतो तो मुलांच्या सहभागातून. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी (आताचा पालघर जिल्हा) येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली आणि मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षण पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. ही साधने मुलांच्या ओळखीची होती, शिवाय ती स्वतः गोळा करता येत होती. सहभागाची सुरुवात तिथेच होत असे. आजच्या अनेक बालवर्गांत (शुल्क कितीही असो) काय खेळायचे हे ताईच ठरवतात. स्नेहसंमेलनातील बसवलेल्या नाचाला सहभाग म्हणणे मला पटत नाही. डबा कुठे बसून खायचा, एवढे तरी मुलांना विचारले जावे.