हर्मेसच्या पर्सवर कारागिराची खूण असते, मग आरीच्या कामावर का नाही?

परदेशी ब्रँडची लाखांच्या किमतीची पर्स किंवा ड्रेस दिसला की त्याखाली एक कॉमेंट ठरलेली, "नुसते नावाचे पैसे घेतात." काही ठिकाणी ते खरंही आहे, त्यावर पुढे येतेच. पण मी ब्लाउजवर आरी वर्क, म्हणजे हुकसारख्या सुईने भरतकाम, करते, त्यामुळे माझी नजर आधी टाक्यावर जाते. आणि टाक्यापुरतं बोलायचं तर यातल्या काही फॅशन घराण्यांपुढे मी मनापासून हात जोडते.

हर्मेस घ्या. 1837 साली पॅरिसमध्ये घोड्यांचे साज बनवणारं दुकान म्हणून सुरू झालं. पर्सला आजही खोगिराचाच टाका घालतात. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोरून जायच्या. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. इथे एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एक पर्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर शिवतो आणि आत स्वतःची खूण उमटवतो. मला त्या पर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

भरतकामात पॅरिसच्या लेसाजचं नाव पहिलं. 1924 साली आल्बेर आणि मारी-लुईझ लेसाज या जोडप्याने मिशोने नावाचा जुना कारखाना घेतला, तिथून हे नाव सुरू झालं. फ्रेंच डिझायनर इव्ह सँ लोराँच्या 1988 च्या कलेक्शनमधलं, चित्रकार व्हॅन गॉगच्या आयरिस फुलांचं जॅकेट लेसाजनेच भरलं. अडीच लाख टिकल्या, त्याही 22 रंगछटांच्या, दोन लाख मणी, आणि एका जॅकेटला सुमारे 600 तास. आपल्यापैकी जिने एखाद्या बाहीवर कटदाण्याचे बारीक मणी भरलेत तिला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. पाठ, मान, डोळे, सगळं त्यात येतं.

2002 मध्ये शानेल या फ्रेंच फॅशन घराण्याने लेसाज विकत घेतलं. पिसांचं काम करणारं लमारिए, चुण्या घालणारं लोन्यों, बूट बनवणारं मासारो हीसुद्धा त्यांनी एकेक करून घेतली, आणि आता पॅरिसच्या कडेला एका मोठ्या इमारतीत ती एकत्र काम करतात. इतर घराण्यांची कामंही त्यांना घेता येतात. पैसा होता म्हणून केलं, हे मान्य. पण कारागिरांच्या हातातली विद्या पुढच्या पिढीकडे जावी यासाठी पैसा लावणारे किती आहेत?

आता आमच्या आरीकडे येते. लेसाजमध्ये सुईइतकाच जो हुक चालतो, तो लुनेव्हिलचा हुक. लुनेव्हिल हे फ्रान्सच्या लॉरेन भागातलं गाव. पण हुकने साखळी टाका घालायची ही पद्धत अठराव्या शतकात पूर्वेकडून, भारतातून युरोपात गेली. लुनेव्हिलवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात तिच्यात मणी आणि टिकल्या आणल्या. ते कापड उलटं ताणतात, मणी आधीच दोऱ्यात ओवलेले असतात आणि खालच्या बाजूला बसत जातात. भरणारीला वर फक्त साखळी दिसते, डिझाइन खाली तयार होतं. वेग फार मिळतो, पण सगळा भरवसा खालच्या हातावर. मी ही पद्धत शिकले आणि तिथल्या भरणाऱ्या बायकांबद्दलचा आदर आणखी वाढला.

म्हणूनच पुढची गोष्ट मला खटकते. युरोपातल्या मोठ्या घराण्यांचं कितीतरी भरतकाम भारतात, त्यातही मुंबईच्या कारखान्यांत, अड्ड्यावर (कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीवर) बसून होतं. खुद्द लेसाज घराण्यातल्या झाँ-फ्राँस्वा लेसाज यांनी 1993 मध्ये चेन्नईत 'वस्त्रकला' सुरू केलं. पण भरलेलं कापड तिकडे जाऊन शिवलं गेलं की लेबलवर त्या देशाचं नाव लागू शकतं. आणि भरणाऱ्याचं नाव? कुठेच नाही.

दिओर या फ्रेंच फॅशन घराण्याने यात एक पाऊल पुढे टाकलं, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. 30 मार्च 2023 रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर त्यांचा शो झाला. दिओरच्या तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया किउरी यांनी मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या संस्थेचं नाव उघडपणे घेतलं, आणि तिथल्या कारागिरांनी भरलेलं भव्य तोरण अख्ख्या जगाने पाहिलं. अड्ड्यावरचं काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचं मानलं गेलं. चाणक्यच्या शाळेत 2016 पासून बायका ते शिकतात, याचा मला विशेष आनंद आहे.

पण त्याच दिओरच्या इटलीतल्या उत्पादन कंपनीवर 2024 मध्ये मिलानच्या कोर्टाने प्रशासक नेमला. उप-कंत्राटदारांकडे कामगारांची पिळवणूक होत होती आणि कंपनीने पुरेशी देखरेख ठेवली नाही, असा ठपका होता. तपासातले आकडे असे: चामड्याचा खर्च सोडून पुरवठादाराला एका पर्समागे 53 युरो, दुकानातली किंमत 2,600 युरो. पुढच्या वर्षी प्रशासक हटवला गेला. पण हातकामाच्या नावावर एवढी किंमत लावायची, तर त्या हातांची जबाबदारी कंत्राटदारावर ढकलता येत नाही.

माझी मागणी साधी आहे. भरतकाम कोणत्या कारखान्यात, कोणत्या शहरात झालं आणि त्याला किती तास लागले, हे कपड्याच्या आत लिहा. हर्मेसला पर्सच्या आत खूण उमटवता येते, तर बाकीच्यांनाही जमेल.

माझ्याबरोबर भरायला बसणाऱ्या बायकांची नावं मी लग्नाच्या ब्लाउजच्या अस्तरावर धाग्याने घालायला लागले आहे. आरी वर्क करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे काय पद्धत आहे ते लिहा. आणि दर कसा लावता, डिझाइनवर की तासावर, तेही सांगा. तासाचा हिशेब आपण सगळ्यांनी एकदम लावायला हवा असं माझं मत आहे.